शंभराच्या आधीच मऊ

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी लॅबच्या ओव्हनमधून सेन्सरच्या चिप्स काढल्या. नव्या बॅचच्या, प्लास्टिकच्या पातळ थराच्या. पंच्याऐंशी डिग्रीत आठवडाभर होत्या. मायक्रोस्कोपखाली ठेवल्या तर वाटलं लेन्स पुसायची राहिली. पुसली. डाग तसेच. डाग नाहीत, भोकं. गोल गोल, आंबोळीला जाळी पडते तशी.

जुन्या बॅचच्या, जाड थराच्या चिप्स त्याच ओव्हनमध्ये, त्याच ट्रेमध्ये होत्या. त्यांना काही झालेलं नाही. स्वच्छ.

अश्विनीला हाक मारली. थर चढवायची कोटिंग रूम तिच्याकडे असते. लातूरची आहे, भोसरीत खोली करून राहते, बोलणं अजून तिकडचंच. बघून म्हणाली, "धूळ असंल गं. त्या दिवशी एसी बंद होता की. काय इतकं मनावर घ्यालीस?"

असेल धूळ. पण धूळ इतकी सुबक भोकं पाडते?

८ एप्रिल, बुधवार

धूळ नाही. अ.ने काल फिल्टर बदलून, एसी लावून, माझ्यासमोर नव्या चिप्स केल्या. रात्रभर ओव्हन. सकाळी तीच जाळी.

या थराचं काम एकच आहे. खालच्या धातूच्या तारा आणि वरचं धातूचं झाकण यांना एकमेकांना लागू द्यायचं नाही. भोक पडलं की ते लागणार. लागले की सेन्सर थंड दाखवत बसणार. बॅटरीची जोडणी कितीही तापू दे, हा म्हणणार थंड आहे. मग चार्जिंग तोडणार कोण?

रिपोर्टात लिहिलंय, थर शंभर डिग्रीपर्यंत कडक राहतो. शंभर हा आकडा मशीनने दिला. मशीन बरोबर आहे, मागच्याच महिन्यात तपासून झालंय. रिपोर्टखाली सही माझी.

घरी आले तर जिन्याखाली स्कूटर चार्जिंगला लावलेली. चाकणच्या कंपनीने उन्हाळ्यातल्या चाचणीसाठी गाड्या वाटल्या, त्यांना सेन्सर पुरवणारे आम्ही, म्हणून एक माझ्या नावावर आली. चालवतात पप्पा. हँडल पुसत होते. मला बघून म्हणाले, "तुझ्यापेक्षा जास्त लाड करतो हिचे." मी हसले. हसताना नजर पूर्ण वेळ प्लगवर.

त्या गाडीत आमचाच सेन्सर आहे. नव्या बॅचचा.

९ एप्रिल, गुरुवार

एमआयडीसीला सुट्टी. सकाळपासून लॅपटॉप. आई म्हणाली, सुट्टीच्या दिवशी तरी डोळ्यांना आराम दे.

भोकं का पडली ते सापडलं, आणि हे सगळ्या जगाला माहीत आहे. कॉलेजात माझ्याही कानावरून गेलं असणार, परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलं असणार.

तर ते असं. काचेसारखं कडक प्लास्टिक एका तापमानाला मऊ पडतं. वितळत नाही. आतल्या लांब लांब साखळ्यांना हलायला मोकळीक मिळते, एवढंच. आमच्या प्लास्टिकचं ते तापमान शंभर. पण तुकडा जाड असेल तर! सकाळी डांगे चौकात बस भरलेली असते, तेव्हा मध्ये अडकलेल्याला मान वळवता येत नाही, दारातला मात्र हातपाय हलवू शकतो. जाड तुकड्यात जवळजवळ सगळे मध्ये. आमचा थर केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ, त्यात जवळजवळ सगळे दारात. म्हणून सगळा थरच लवकर सैल पडतो, आणि सैल थर काचेवरून आकसला की भोकं. शंभराच्या पुष्कळ आधी. ऐंशीच्या अलीकडेसुद्धा पडत असेल. आणि उन्हाळ्यात चार्जिंगच्या जोडणीपाशी ऐंशी होतात, ते चाकणच्या लोकांनीच आम्हाला कळवलेलं.

मग आमच्या मशीनने शंभर कसे सांगितले?

वाटी. ओट्यापाशी उभी होते तेव्हा लक्षात आलं आणि तिथेच खाली बसले. थर इतका पातळ की खरवडून मशीनच्या डबीत घालायला काही हातीच लागत नाही. म्हणून कोटिंग झाल्यावर बाटलीत उरलेलं द्रावण फॉइलच्या वाटीत ओतायचं, वाळवायचं, आणि तो पापुद्रा मशीनला द्यायचा. अशीच पद्धत. माझ्या आधीचाही असंच करायचा, त्याच्या आधीचाही. द्रावण तेच, प्लास्टिक तेच, शंका कशाला येईल? पण पापुद्रा नखाइतका जाड. मशीनने पापुद्र्याचं खरं सांगितलं, आणि आम्ही ते थराच्या नावावर खपवलं.

दुपारी पप्पा चिंचवडहून आले आणि भर उन्हातून आलेली गाडी लगेच प्लगला लावली. म्हटलं, जरा गार होऊ द्या. "अगं, तापली तर आपोआप बंद होते ती. तुमचंच यंत्र आहे ना आत?"

आत जाऊन परत लॅपटॉप उघडला.

१० एप्रिल, शुक्रवार

सावंत सरांच्या केबिनमध्ये गेले. लॅबचे प्रमुख. कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच धाक वाटतो. फोटो दाखवले, वाटीचं सांगितलं, बसचा दाखलाही दिला. एकेक फोटो मोठा करून बघितला.

मग म्हणाले, "तू काचेवरचा उघडा थर बघतेयस, प्रज्ञा. गाडीतल्या सेन्सरमध्ये त्याच्यावर धातूचं झाकण आहे. दारच बंद. मग दारातली माणसं आली कुठून?"

हे मला सुचलंच नव्हतं! एकदम हलकं वाटलं. खरंच, आपण अर्धवट वाचून घर डोक्यावर घेतो.

"पण झाकणाखाली काय होतं ते आपण बघितलंय का, सर?"

"बघू की. तोवर बाहेर कुठे बोलू नकोस. माझ्याशी बोल."

माझं नोकरीतलं कन्फर्मेशन मे महिन्यात आहे. त्यांनी ते काढलं नाही. मलाच आठवलं.

११ एप्रिल, शनिवार

परत वाचन. आता जास्त गोंधळ. काही प्लास्टिकं खालच्या पृष्ठभागाला इतकं घट्ट धरतात की पातळ थर उलट उशिरा मऊ पडतो. म्हणजे कोंडलं की सैल होतं हेही खरं, आणि कोंडलं की आवळतं हेही खरं. कोणाबरोबर कोंडलंय त्यावर सगळं. आमचं काचेबरोबर आणि धातूबरोबर. या जोडीबद्दल कुठेही नीट सापडेना. आपलं आपणच करून बघायचं.

आईने विचारलं, कोणी मुलगा वगैरे आहे का, एवढी गप्प का? मुलगा असता तर किती बरं झालं असतं.

१३ एप्रिल, सोमवार

अ.ने झाकणवाल्या चिप्स करून दिल्या, हुबेहूब गाडीत जातात तशा. ओव्हनला लावल्या. शुक्रवारी काढायच्या.

अ. म्हणाली, "भोकं पडली तर काय करणार हाईस?"

"माहीत नाही."

"आन् नाही पडली तर?"

"तर तुला मिसळ."

"मग पडू नयेत बाई," म्हणाली. दोघी हसलो.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सकाळी पांढरी साडी, आईबरोबर पिंपरीला पुतळ्याला. पप्पा स्कूटरवर, हँडलला निळा झेंडा. त्यांच्याबरोबर जगतापकाका. दोघांनी एकाच कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर जन्म काढला. काका मूळचे चऱ्होलीचे, दर जयंतीला पप्पांबरोबर येणारच. त्यांचा मुलगा चाकणच्या त्याच कंपनीत, त्यामुळे त्यांच्या घरीही हीच चाचणीची गाडी. मला ठाऊकच नव्हतं. दोघं गाड्या जोडीने लावून नव्या नवऱ्यांसारखे उभे.

काका म्हणाले, "पोरी, लई गुणाची गाडी हाय. आवाज न्हाई, धूर न्हाई. सून म्हनती, मामंजी आता घरात सापडंनात."

"काका, दुपारी चार्जिंगला लावू नका."

"का गं?"

"ऊन असतं."

"आता ऊन काय घरात येतंय व्हय?" आणि दोघं खो खो हसले.

ढोल वाजत होते, आजूबाजूला ओळखीचे चेहरे, सगळे आनंदात. मी त्या दोन गाड्यांकडे बघत उभी. आपल्या बॅचचे सेन्सर बसवलेल्या गाड्या शंभराहून जास्त आहेत. आत्तापर्यंत मनात एकच घर होतं, आमचं. आज दुसरं आलं. बाकीच्यांचे चेहरे माहीत नाहीत एवढंच.

१६ एप्रिल, गुरुवार

सुट्टी. पप्पांनी प्लग लावला की मी काढायचा, ते यायच्या आत परत लावायचा, असा कालपासून उद्योग. आज फजिती झाली. गाडी डांगे चौकातच बंद पडली. ऊन टळटळीत, पप्पा ढकलत घरी. शर्ट ओला, चेहरा लाल.

"पूर्ण रात्र लावली होती गं! बॅटरीच गेली वाटतं. उद्या सांग तुझ्या साहेबांना."

आई मला म्हणाली, तू सकाळी जिन्याखाली काय करत होतीस? मी म्हटलं, चप्पल शोधत होते. त्यांच्या वयात त्या उन्हात गाडी ढकलायला लावली. स्वतःची लाज वाटली. पण उद्या निकाल. उद्या चिप्स स्वच्छ निघाल्या की हे सगळं संपेल, मीच त्यांना गाडी पूर्ण चार्ज करून देईन.

१७ एप्रिल, शुक्रवार

काढल्या. झाकणामुळे वरून काही दिसत नाही, म्हणून चिप उलटी करून काचेतून बघायचं.

पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. मधला सगळा भाग जसाच्या तसा. सा. सर बरोबर होते. झाकणाखाली थर कडक राहतो. बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, अ.ला खुणेने मिसळ सांगितली.

परत येऊन उरलेल्या बघितल्या. नसत्या बघितल्या तर?

झाकण थराच्या अगदी कडेपर्यंत नेत नाहीत. नेलं तर चिप कापताना झाकणाची कड खाली वाकून तारेला लागते. म्हणून कडेने थराची बारीक पट्टी उघडी ठेवतात. त्या पट्टीत जाळी पडलीय. बहुतेक चिप्समध्ये ती तिथेच थांबलीय. काहींमध्ये एखादं भोक झाकणाखाली सरकलंय. पार तारेपर्यंत गेलेलं मला एकही दिसलं नाही. पण ओव्हनमध्ये या चारच दिवस होत्या, आणि उन्हाळा अजून किती बाकी आहे.

अ.ला दाखवलं. ती म्हणाली, "मिसळ राहू दे."

२० एप्रिल, सोमवार

सा. सरांपुढे सगळं ठेवलं. दार लावून घेतलं त्यांनी.

"तारेपर्यंत पोचलंय का?"

"नाही. पण चाललंय त्या दिशेने."

"चाललंय हे तू कशावरून म्हणतेस? एकदाच बघितलंस. थांबलंही असेल."

खरं आहे. एकदाच बघितलं. त्यांचं म्हणणं, आणखी दोन आठवडे ओव्हनला ठेवू, मग पक्कं काय ते चाकणला कळवू. आत्ता कळवलं आणि चुकीचं निघालं तर गिऱ्हाईक जाईल, इथल्या माणसांचं काय?

म्हटलं, तोवर लोक चार्जिंग करतायत, सर.

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला कळतंय गं." आवाज अगदी खाली. तेव्हा समजलं की ते मला दाबत नाहीयेत, तेही घाबरलेत. त्याने धीर यायला हवा होता. उलट झालं. आतापर्यंत वाटायचं, मी चुकत असले तर सरांना कळेल.

आज बाहेर बेचाळीस डिग्री.

२१ एप्रिल, मंगळवार

पप्पांना सांगितलं. ठरवून नाही. संध्याकाळी ते प्लग लावायला वाकले आणि माझ्या तोंडून निघालं, "लावू नका ना!" इतकी ओरडले की वरच्या काकू जिन्यात आल्या.

मग आत बसवून सगळं सांगितलं. वाटी, थर, झाकण, कड. शेवटी म्हणाले, "म्हणजे प्लग तूच काढत होतीस."

"हो."

"आणि मी बॅटरीला शिव्या घालत होतो." थोडं हसले. मग हसू गेलं. "जगतापाला सांगितलंस?"

"सर म्हणाले बाहेर बोलू नकोस. आणि पप्पा, अजून पक्कं काहीच नाही. कदाचित काहीच होणार नाही."

"सर राहू दे. तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते."

"कसली?"

आगीची, की नोकरीची, की एवढा गाजावाजा करून शेवटी मीच खोटी पडेन याची. तिन्ही एकदम.

पप्पा म्हणाले, "प्रेसवर बोटं गेलेली माणसं बघितलीत मी. दर वेळी कुणाला तरी आधी माहीत असायचं. तो पक्कं व्हायची वाट बघत बसलेला असायचा."

आईने तिघांची ताटं वाढली. कोणी जेवलं नाही नीट.

२२ एप्रिल, बुधवार

सकाळी लॅबला पोचल्या पोचल्या चाकणच्या कंपनीला मेल पाठवली. फोटो जोडले. लिहिलं की खात्री नाही, पण खात्री होईपर्यंत चाचणीच्या गाड्यांचं चार्जिंग थांबवा. सा. सरांना प्रत.

सर टेबलापाशी आले. "विचारायचं तरी होतंस." एवढंच बोलून गेले. माझं कन्फर्मेशन गेलं बहुधा. ते जाऊ दे, निदान सुटले असं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये. चाकणहून उत्तर नाही. दोनदा फोन केला, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

जगतापकाकांचा फोन सकाळपासून लागत नाही. मुलाचाही नाही. पप्पा म्हणाले, मी स्वतःच जातो, आणि बसने चऱ्होलीला गेले. स्कूटर घरी, प्लग काढलेला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. काका, मुलगा, सून सगळे सुनेच्या माहेरी जत्रेला गेलेत, शेजाऱ्यांनी सांगितलं. तिथे रेंज नाही. काकांच्या नव्या सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट. दाराला बाहेरून कुलूप. गाडी हॉलमध्ये, खिडकीतून दिसतेय. चार्जिंगला लावलेली. येईपर्यंत भरून राहील म्हणून.

म्हटलं, निदान घरात कोणी नाही.

पप्पा म्हणाले, "जगतापाची आई आहे आत. तिला विसरायला होतं, बाहेर पडली तर परत येत नाही. म्हणून कुलूप लावून जातात."

टीव्हीचा आवाज येतोय, म्हणाले. दार वाजवलं, हाका मारल्या, तिला ऐकू कमी येतं. मेन स्विच मीटर रूममध्ये, तिला वेगळं कुलूप. वॉचमन किल्ली शोधायला सेक्रेटरीच्या घरी गेलाय. पप्पा खिडकीशी उभे आहेत. मी त्यांना सांगितलं की काच फोडा. म्हणाले, खिडकीला लोखंडी जाळी आहे, हात जात नाही, दगडाने बघतो.

फोन ठेवू नका म्हटलं. स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलाय आणि हे लिहितेय, कारण हाताला दुसरं काही काम नाही. अ. माझ्या खुर्चीला धरून उभी आहे. पलीकडून ठोकण्याचा आवाज, मग थांबलं.

"प्रज्ञा, घाबरू नकोस. गाडीवर हिरवा दिवा आहे. हिरवा म्हणजे ठीक ना?"

हिरवा म्हणजे सेन्सरला थंड वाटतंय, एवढंच. जोडणी खरंच थंड असली तरी हिरवा, आणि भोक तारेपर्यंत पोचलं असलं तरी हिरवाच.

"ठोका पप्पा," म्हटलं. "थांबू नका."